बॅटरी घरात आहे? आधी नट बघा

बार्शीत मी चौदा वर्षं इन्व्हर्टर बसवते. अजूनही दार उघडणारा माझ्या मागं बघतो, "मिस्त्री कुठाय?" मीच मिस्त्री.

लिथियमच्या आगीचे व्हिडिओ बघून लोक विचारतात, घरात बॅटरी ठेवावी का? मी उलट विचारते, जिन्याखाली इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी आहे, तिचा नट शेवटचा कधी आवळलात? मी पाहिलेल्या जळक्या जोडण्यांत बहुतेक वेळा बॅटरी बिचारी ठीक होती, टर्मिनल ढिलं होतं.

हिशेब बघा. घरभराचा ७०० वॅट लोड, बॅटरी १२ व्होल्टची. म्हणजे केबलमधून साठेक अँपिअर वाहतात. ढिल्या जोडात ०.०१ ओहमचा अडथळा आला तरी ६० × ६० × ०.०१, म्हणजे ३६ वॅटची उष्णता त्या एका नटावर. रेडिओ दुरुस्तीवाल्याची साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते!

म्हणून सहा महिन्यांतून एकदा मेन बंद करून घर दहा मिनिटं इन्व्हर्टरवर चालवा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीला, दुसरं केबलच्या थिंबलला, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीला लावा. आकडा शून्याच्या आसपास हवा. ०.१ च्या वर गेला तर मी जोड उघडतेच. आधी इन्व्हर्टर बंद, प्लग बाहेर. मग निगेटिव्ह काढायची, नंतर पॉझिटिव्ह, लावताना उलट. पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशनं धुवा, पाणी भरायची झाकणं मात्र बंद हवीत. आवळून झाल्यावर वर व्हॅसलीन. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा आणि अंगठी काढून ठेवा. काचेच्या बांगड्या मी ठेवते, सोन्याच्या नाही.

जागेचं सांगते. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. एका घरी बॅटरी देवघराखालच्या बंद कपाटात होती, वर समई. म्हटलं, "काकू, देव हलवा नाहीतर बॅटरी." बॅटरी हलली.

लिथियम घ्यायची तर एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या, ती तापून भडकायला तुलनेनं जास्त उष्णता लागते. भडकतच नाही असं कुणी म्हटलं तर त्या दुकानातून निघा. जुन्या इन्व्हर्टरला ती तशीच जोडू नका. चार सेलच्या पॅकची चार्जिंगची मर्यादा १४.६ व्होल्ट, जुना इन्व्हर्टर ती ओलांडू शकतो, त्यामुळं इन्व्हर्टरला लिथियमचं सेटिंग हवं. बीएमएस, म्हणजे पॅकमधलं संरक्षक सर्किट, सारखं ट्रिप होतं म्हणून ते बायपास करून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं मी परत पाठवते. बॅटरीजवळ फ्यूज डीसीचाच लावा. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी विझते. डीसी तसा थांबत नाही, घरातला साधा एसीचा एमसीबी तिथं स्वतःच जळू शकतो.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभ्या इ-स्कूटरनं पेट घेतला होता, चार्जिंगला नसताना. तेव्हा स्कूटरची बॅटरी रात्री बाहेर पडायच्या दारात ठेवू नका, चार्जिंगला असो वा नसो.

फुगलेला पॅक, फुसफुस आवाज, पांढरा धूर दिसला की फोटो काढत बसू नका. तो धूर विषारी असतो आणि पेटतोही. सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, १०१ लावा. पावडरच्या सिलिंडरनं ज्वाळा बसतात, सेल आतून गरमच राहतात. काही तासांनी पुन्हा पेटू शकतात. त्यांना थंड करायला भरपूर पाणी लागतं, आणि ते काम अग्निशमनवाल्यांचं.

जुनी शिशाची बॅटरी एक्स्चेंजला जाते, पैसे मिळतात म्हणून कुणी टाकत नाही. लिथियमची मात्र लोक भंगारवाल्याला देतात आणि तो हातोडा घालतो. २०२२ च्या नियमांनुसार ती परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे. विकत घेतानाच दुकानदाराला विचारा, परत कुठं द्यायची, आणि बिलावर लिहून घ्या.