उतारावरच्या घराजवळची झाडं: खर्च वादळाआधीच केलेला बरा

पानगळ संपत आली आहे, फांद्या उघड्या पडल्या आहेत. डोंगरउतारावर घर आणि बाग असणाऱ्यांनी झाडं नीट पाहून घ्यायला याहून चांगला काळ नाही. पालवी फुटली की बेचक्यातली चीर, वाळकी फांदी, ढोली सगळं पानांआड जातं. शिवाय कामाची माणसं या दिवसांत मोकळी असतात. वादळात छपरावर रेललेलं झाड काढायलाही तीच येतात, पण तेव्हा भाव ती सांगतात आणि आपण मुकाट्याने देतो.

डोंगरात झाड काढायचा दर ऐकून भल्याभल्यांचे डोळे पांढरे होतात. सपाटीवर एवढ्याच झाडाला कितीतरी कमी लागतात, मग इथेच का, ही नेहमीची तक्रार. खरं तर कापायला फार पैसे लागत नाहीत. पैसे जातात ते झाड उतरवायला आणि लाकूड बाहेर काढायला. ओल्या लाकडाचा ६० सेंटिमीटर जाडीचा, जेमतेम १ मीटर लांबीचा ओंडका २५० किलोच्या आसपास भरतो. तेवढ्याच लांबीचा ३० सेंटिमीटरचा ओंडका साधारण ६० किलोचा. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट. सपाटीवर असा ओंडका हातचा सुटला तर जागीच पडून राहतो. उतारावर तो घरंगळत खालच्या शेजाऱ्याची भिंत गाठतो. म्हणून इथे झाड अख्खं आडवं करत नाहीत. एक जण दोरावर चढतो, फांदी आधी बांधतो, मग कापतो. खाली दुसरा बुंध्याला दोराचे वेढे देऊन ती सावकाश सोडतो. क्रेन उभी राहील अशी जागा जवळ असेल तर काम लवकर आटोपतं, नसेल तर माणसांचे दिवस वाढत जातात.

पूर्ण वाळलेलं झाड स्वस्तात निघेल, हा एक गोड गैरसमज. वाळकं लाकूड कधी कडकन मोडेल याचा नेम नसतो, त्यामुळे जाणता माणूस त्यावर चढतच नाही आणि काम अवघड होऊन बसतं. झाड काढायचंच ठरलं असेल तर ते मरायची वाट पाहू नका.

मी एकदा ‘झाड काढून देतो’ एवढ्या शब्दावर उक्तं काम देऊन बसलो. झाड निघालं, पण लाकूड उतारावर तसंच पडून राहिलं आणि ते वर आणायला पुन्हा तेवढीच मजुरी मोजली. तेव्हापासून सगळं कागदावर घेतो: फांद्या आणि ओंडके कोण उचलणार, खुंट किती उंच ठेवणार, छप्पर किंवा भिंत फुटली तर भरपाई कोणाची, माणसांचा विमा आहे की नाही. कमीत कमी तीन जणांना जागा दाखवून दर घ्या. फोटो पाहून सांगितलेल्या दरात उतार धरलेला नसतो. यंत्रं आणि माणसं डोंगरावर आणायचा खर्च एका झाडाला जेवढा, जवळपास तेवढाच पाच झाडांना. तेव्हा शेजाऱ्यांशी बोलून सगळ्यांची कामं एकाच खेपेत काढा. फांद्यांचा चुरा बागेतच आच्छादनाला वापरलात तर वाहतूकही वाचते.

खुंट उपटायचे पैसे मात्र वाचवाच. उतारावरची माती मुळांनी धरून ठेवलेली असते. झाड तोडल्यावर मुळं हळूहळू कुजतात आणि साधारण ३ ते १० वर्षांच्या काळात ती पकड सर्वांत ढिली पडते. दरड सरकली तर लोक पावसाला बोल लावतात, जुनी तोड कोणाला आठवत नाही. खुंट जमिनीलगत राहू द्या आणि नवी खोल मुळांची रोपं आताच लावा.

बऱ्याच झाडांना तोडायची गरजही नसते, छाटणीवर भागतं. पण शेंडा उडवू नका. तिथून फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात, जाड झाले की वाऱ्यात निखळतात आणि दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा खर्च काढतात. एका वर्षात हिरव्या पसाऱ्याचा पावापेक्षा जास्त हिस्सा काढू नये. जाड फांदी थेट वरून कापली तर ती वजनाने मोडते आणि खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून काप द्या, मग त्याच्या चार बोटं पुढे वरून. फांदी पडली की उरलेलं थोटूक खोडाजवळच्या फुगवट्याच्या बाहेर कापा. जखम त्या फुगवट्यातूनच भरून येते, म्हणून त्याला धक्का नको. वर रंग किंवा डांबर फासायची गरज नाही.

कललेलं प्रत्येक झाड धोक्याचं नसतं. बुंधा वाकडा पण शेंडा सरळ वर गेलेला असेल, तर त्या झाडाने उताराशी कधीच जुळवून घेतलं आहे. कल नवा असेल, चढाच्या बाजूची माती उचललेली किंवा भेगाळलेली दिसत असेल, बुंध्याशी अळंबी आली असेल, तर आधी त्याच्याखालची ये-जा बंद करा आणि जाणकाराला बोलवा. वीजवाहिनीजवळच्या फांदीला स्वतः हात लावू नका, ते काम वीज कंपनीचंच.

झाड तोडायला परवानगी लागत असेल तर अर्ज याच आठवड्यात टाका. मंजुरी येईपर्यंत पालवी फुटली, तर फांद्या पुन्हा पानांआड जातील आणि माणसंही दुसऱ्या कामांना लागतील.