प्रवाळ आणि समुद्रफुलांच्या टाकीसाठी दिवा निवडताना

खाऱ्या पाण्याची टाकी मांडायचे ठरले की बहुतेक जण दुकानात पहिला प्रश्न विचारतात तो 'किती वॉटचा दिवा लागेल' हा. माझ्या मते, त्या दिव्याखाली कोण राहणार आहे हे आधी ठरवावे. वॉट, लांबी आणि किंमत या गोष्टी त्यानंतर येतात.

प्रवाळ आणि समुद्रफूल हे दोन्ही प्राणी आहेत. टाकीत पाळल्या जाणाऱ्या त्यांच्या बहुसंख्य जातींच्या पेशींत झूक्झँथेली नावाचे एकपेशीय शैवाल वस्तीला असते आणि प्रकाशावर ते जे अन्न तयार करते त्यातील मोठा वाटा यजमान प्राण्याला मिळतो. म्हणजे दिवा आपण खरे तर या शैवालासाठी निवडतो. याला अपवादही आहेत. सन कोरल या प्रवाळाच्या नावात सूर्य असला तरी त्याच्यात हे शैवाल नसते. त्याला प्रकाशाची गरज नसते, मात्र नियमित भरवावे लागते.

दिव्याआधी कायदाही लक्षात घ्यावा लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, फायर कोरल आणि ऑर्गन पाइप कोरल येतात. आपल्या समुद्रातून ती काढणे किंवा विकणे हा गुन्हा आहे, त्यामुळे कागदपत्रांशिवाय कोणी ती देऊ केली तर घेऊ नयेत. नवशिक्याला तसेही झोअँथिड, मशरूम आणि लेदर कोरल ही मऊ शरीराची मंडळीच सोयीची पडतात, आणि त्यांचा दिवाही स्वस्तात होतो.

प्रकाश मोजायचा तो 'पार' या मापाने. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारे किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, हे या मापातून कळते. मशरूम ३० ते ८० पारमध्ये सुखाने राहते, झोअँथिड आणि लेदर यांना साधारण ७५ ते १५० पुरते, तर बबल टिप जातीच्या समुद्रफुलाला १५० ते २५० च्या आसपास लागते. ॲक्रोपोरासारखी कठीण प्रवाळे २५० च्या पुढे मागतात. हे आकडे प्राणी जिथे बसतो त्या जागचे आहेत, दिव्याखालचे नाहीत. पाण्यात खोल जावे तसा प्रकाश घटत जातो आणि टाकीच्या कोपऱ्यांत तो मध्यभागाच्या निम्म्यावरही येऊ शकतो. दिव्याच्या खोक्यावरील तक्ता अनेकदा फक्त मध्यबिंदूचा असतो, हे वाचताना विसरू नये.

फोनमधील लक्स मोजणाऱ्या ॲपवर येथे विसंबता येत नाही. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यांना अनुसरून बेतलेले आहे. आपले डोळे ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि निळ्याला फार कमी, म्हणून प्रवाळाला भरपूर वाटणारा निळा दिवा ॲपवर मंद दिसतो आणि माणूस तो वाढवत जातो. पाण्यात बुडवता येणारा पार मीटर महाग असतो. तेव्हा ठाणे-नवी मुंबईतील ओळखीच्या चार-पाच टाकीवाल्यांनी मिळून एक घ्यावा आणि आळीपाळीने वापरावा. वर्षातून दोनदा मोजमाप झाले तरी पुरे.

रंगाबाबत निळ्याला मान द्यावा. समुद्रात लाल प्रकाश वरच्या थरातच शोषला जातो आणि निळा खोलवर पोहोचतो. झूक्झँथेलीची रंगद्रव्येही निळा प्रकाश चांगला टिपतात. ४२० ते ४८० नॅनोमीटरचा भरपूर निळा आणि जोडीला माफक पांढरा, असा दोन स्वतंत्र नियंत्रणांचा एलईडी घ्यावा. केल्व्हिनच्या, म्हणजे प्रकाशाची रंगछटा सांगणाऱ्या मापाच्या भाषेत बोलायचे तर १०,००० ते २०,००० या दरम्यानचा. मला सुरुवातीला एका दुकानात गोड्या पाण्यातील वनस्पतींसाठीचा ६,५०० केल्व्हिनचा, लाल एलईडी असलेला दिवा 'सगळ्याला चालतो' म्हणून देण्यात आला होता. झोअँथिड त्याखाली जगले, पण महिन्याभरात दगडांवर हिरवी लव चढली आणि ती खरवडण्यात माझे रविवार गेले.

दोन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-खोल अशी, सुमारे १२० लिटरची टाकी आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये सहज मावते. मऊ प्रवाळांसाठी तिला ५० ते ९० वॉटचा, तीव्रता कमी-जास्त करता येणारा एक चांगला एलईडी पुरतो. तो पाण्यापासून २० ते ३० सेंटिमीटर उंचीवर टांगावा, म्हणजे प्रकाश नीट पसरतो आणि दिव्यावर खारे पाणीही कमी उडते. ९० वॉटचा दिवा रोज नऊ तास पूर्ण क्षमतेने चालवला तर महिन्याला साधारण २४ युनिट वीज जाते.

आता सर्वांत महत्त्वाचे. प्रवाळे कमी प्रकाशाने मरतात त्याहून अधिक अचानक मिळालेल्या जास्त प्रकाशाने मरतात, असे मी इतक्या टाक्या पाहून म्हणतो. शैवालाला पचवता येईल त्याहून जास्त प्रकाश मिळाला की पेशींत घातक ऑक्सिजन संयुगे तयार होतात आणि यजमान ते शैवालच बाहेर टाकतो. ऐरोलीतील आमच्या घरी मी पहिले बबल टिप आणले तेव्हा ते फिक्या चहाच्या रंगाचे होते. दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण क्षमतेवर ठेवला. चौथ्या दिवशी ते आक्रसले, तोंड सैल पडले आणि सरकत सरकत दगडाच्या मागे गेले. दोन आठवड्यांत त्याच्या शुंडकांचा रंग शिजलेल्या साबुदाण्यासारखा झाला. दिवा मंद करून, कोळंबीचे मिरीएवढे तुकडे दोन-तीन दिवसांआड भरवून ते सावरायला पाच महिने लागले. म्हणून नवा प्राणी किंवा नवा दिवा, काहीही आणले तरी तीव्रता ३० ते ४० टक्क्यांवर ठेवावी, दर आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त वाढवू नये आणि प्राणी आधी तळाशी ठेवून मग वर सरकवावा. समुद्रफूल स्वतः जागा बदलते. ते फिरत असताना वेव्हमेकरला, म्हणजे टाकीतील पाणी हलवणाऱ्या पंपाला, जाळी लावलेली असावी. टाकी किमान सहा महिने मुरल्याशिवाय मात्र ते आणूच नये.

दिवा लावण्याचा एकूण वेळ नऊ ते दहा तास पुरेसा आहे, त्यातील पाच-सहा तास पूर्ण प्रकाश आणि दोन्ही बाजूंनी हळूहळू उजाडणे-मावळणे. मुंबईला नोकरीला जाऊन रात्री आठला परतणाऱ्यांनी टायमर दुपारी बारा ते रात्री दहा असा लावला तर टाकी पाहायलाही मिळते. खिडकीतील उन्हाचा भरवसा धरू नये. दक्षिणेच्या खिडकीतून डिसेंबर-जानेवारीत तिरपे ऊन आत येते, पश्चिमेची खिडकी मे महिन्यात पाणी तापवते.

पाणी २४ ते २७ अंशांत राहायला हवे, आणि ठाण्याच्या एप्रिल-मेमध्ये बंद घर सहज ३२ च्या वर जाते. जुने मेटल हॅलाइड दिवे त्यात भर घालत, म्हणून एलईडीच घ्यावा. पाण्यावर पंखा सोडल्यास बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, त्याचा फारसा उपयोग होत नाही. मग चिलर किंवा एसी लागतो. दिव्याची वायर सॉकेटकडे नेण्याआधी खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे ओघळलेले खारे पाणी झोळाच्या तळाशी गळून जाते.

प्राण्यांकडे रोज पाहावे. झोअँथिडचे देठ प्रकाशाकडे लांबू लागले किंवा रंग तपकिरी पडू लागला तर प्रकाश कमी पडत असावा. ते दिवसभर मिटून राहिले किंवा रंग विटू लागला तर तीव्रता उतरवून पाहावी, पण क्षारता आणि तापमान तपासल्याशिवाय दोष दिव्याला देऊ नये. दिव्याच्या काचेवर मिठाचे पापुद्रे जमतात. ते दर आठवड्याला ओल्या मऊ कापडाने पुसावेत. महिनाभर राहून गेले असतील तर पुसल्यावर प्रकाश एकदम वाढतो, तेव्हा त्या दिवशी तीव्रता थोडी खाली आणावी आणि आठवडाभरात पूर्ववत करावी.