परदेशी जोडीदाराला महाराष्ट्र दाखवताना या चुका टाळा

दोन-अडीच आठवड्यांची रजा. पुण्यात आईवडील, साताऱ्यात आजी, नागपूरला मावशी. शिवाय अजिंठा, रायगड आणि जमलंच तर गोवा. परदेशात राहणारे आपण जोडीदाराला पहिल्यांदा घरी घेऊन येतो तेव्हा बहुतेकांची यादी अशीच असते, आणि पुढच्या निम्म्या कुरबुरी या यादीतूनच सुरू होतात. एकाच सुट्टीत आपण दोन प्रवास कोंबलेले असतात. तुम्ही माहेरपणाला आलेले असता आणि तो फिरायला. तुम्हाला आजीच्या शेजारी नुसतं बसून राहायचं असतं. त्याला हा देश बघायचा असतो, तोही तुमच्याबरोबर.

माझा नवरा जर्मन आहे आणि आमच्या ओळखीत अशी बरीच जोडपी आहेत. सगळ्यांची अडचण थोड्याफार फरकाने हीच. माझं ठाम मत असं की दोन्ही प्रवासांना वेगवेगळे दिवस द्यावेत आणि ते तिकीट काढण्याआधी ठरवावेत. पहिले दोन-तीन दिवस घरीच, काहीही न ठरवता. मग चार-पाच दिवस फक्त तुम्ही दोघं. नंतर पुन्हा घर. नातेवाइकांकडे दारोदार फिरण्याऐवजी आईलाच सांगा की एका रविवारी सगळ्यांना जेवायला बोलाव. कुणीतरी रुसेल, पण रोज दोन घरी चहा-पोहे आणि मधे तीन तास वाहतुकीत अडकणं यापेक्षा ते परवडलं.

कागदपत्रं शेवटच्या आठवड्यावर ढकलणं

ई-पर्यटक व्हिसा तीन प्रकारचा असतो: 30 दिवसांचा, एक वर्षाचा आणि पाच वर्षांचा. 30 दिवसांच्या व्हिसाचा अर्ज येण्याच्या आधीच्या 30 दिवसांतच करता येतो, बाकी दोन्हींचा 120 दिवस आधीपासून. पुन्हा यायचं नक्की असेल तर मोठ्या मुदतीचाच घ्या. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी आणि भरमसाट पैसे उकळणारी खासगी संकेतस्थळं खूप आहेत, तेव्हा पत्त्याच्या शेवटी गव्ह-डॉट-इन आहे ना, हे पाहिल्याशिवाय कार्डाचा नंबर टाकू नका. ऑक्टोबर 2025 पासून परदेशी नागरिकांना ई-आगमन कार्डही भरावं लागतं. ते पोचण्याच्या आधीच्या 72 तासांत भरता येतं.

एक गोष्ट मात्र बहुतेक घरांत कुणाच्या गावीही नसते. परदेशी पाहुणा हॉटेलात न उतरता तुमच्या घरी राहणार असला, तरी त्याची नोंद 24 तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे करायची असते. लोक तिला फॉर्म-सी म्हणतात. ती ऑनलाइन होते, पण यजमानाच्या नावाने खातं उघडावं लागतं. वडिलांना ऐनवेळी फोनवरून समजावण्यापेक्षा आधीच एका रविवारी बसून ते करून ठेवा.

त्याची बॅगही एकदा नजरेखालून घाला. भारतात 2019 पासून ई-सिगारेटवर बंदी आहे, त्यामुळे व्हेप घरीच ठेवायला सांगा. डोंगर भटकणाऱ्यांकडे असतं तसं उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय आणलं, तर विमानतळावर पोलिसांपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. ड्रोनही नको.

दिवाणखान्यातले तीन तास

सगळ्यात मोठी चूक इथे होते, आणि ती चूक आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. वीस माणसं जमलेली असतात, गप्पा रंगात आलेल्या असतात, तुम्ही वर्षभराची कसर भरून काढत असता. तुमचा जोडीदार सोफ्याच्या कोपऱ्यात बसून हसतोय. लोक त्याच्याबद्दल विचारतात, पण तुम्हाला: ‘याला भात चालतो का?’, ‘याला उकडत नाही ना?’ पहिला अर्धा तास त्याला गंमत वाटते. तिसऱ्या तासाला तो थकलेला असतो, आणि रात्री खोलीत आल्यावर भांडण होतं ते भलत्याच गोष्टीवरून.

प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत बसू नका, तुम्हीच दमाल. दहा-पंधरा मिनिटांनी सारांश सांगा: ‘आत्ता काकांच्या जमिनीच्या मोजणीवरून चाललंय, आत्या म्हणतेय की धाकट्या भावाने फसवलं.’ एवढं कळलं की तो चेहरे वाचायला लागतो. येण्याआधी फोटो दाखवून कोण कोणाचं कोण ते सांगून ठेवा. सगळी नावं लक्षात राहत नाहीत, पण मामा आणि काका वेगळे, एवढं राहतं.

याहून गुणकारी उपाय म्हणजे हाताला काम. आमच्या साताऱ्याच्या घरी डिसेंबरात मामींनी पावट्याच्या शेंगांनी भरलेलं सूप माझ्या नवऱ्यापुढे सरकवलं आणि एक शेंग सोलून दाखवली. तो एका बाजूने, मामी दुसऱ्या बाजूने. मधेच एका शेंगेतून अळी निघाली, त्याने ती बोटावर घेऊन मामींना दाखवली आणि मामी अशा हसल्या की आतून माणसं बघायला आली. त्या दोघांना एकमेकांच्या भाषेतलं अक्षरही कळत नाही, पण तेव्हापासून फोन लावला की मामी आधी त्याची चौकशी करतात. कणीक मळणं, लसूण सोलणं, अंगणात पाणी मारणं, काहीही चालेल. ‘पाहुणा आहे, बसू दे’ म्हणणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की त्याला काम दिलेलं आवडतं.

तुम्ही खोलीतून निघून जा, हाही उपाय आहे. तुम्ही समोर असेपर्यंत सगळे तुमच्यातर्फेच बोलणार. नववी-दहावीतला एखादा भाचा असतोच, त्याच्याबरोबर जोडीदाराला क्रिकेट खेळायला किंवा दूध आणायला पाठवा.

आणि त्याला एकटं राहू द्या. दुपारी खोलीचं दार लावून तो पडला, तर ‘काही बिनसलं का?’ म्हणून आई दोनदा डोकावणार. रोज दोन तास तो वाचत पडेल आणि त्यात राग नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं की घर ते धरून चालतं.

आग्रह ही नाजूक बाब. पानात टाकलं तर वाईट दिसतं, पान रिकामं झालं की पुन्हा वाढलं जातं. या कात्रीत पाहुणा सापडतो. पंगतीत सगळ्यांसमोर आईला ‘नको गं’ म्हणण्यापेक्षा आदल्या दिवशी वाढणाऱ्यांशी बोला: पहिलं वाढप अर्धंच. पानावर हात आडवा कसा धरायचा ते त्याला शिकवा. लग्न, पगार आणि मूल यांवरचे प्रश्न येणारच. त्याला आधी सावध करा आणि उत्तरं तुम्ही द्या.

लग्न झालेलं नसेल तर कुठे झोपायचं हे आईवडिलांशी फोनवरच ठरवा, बॅगा दारात असताना नको. अविवाहित जोडप्याने हॉटेलात राहू नये असा कायदा नाही, पण काही हॉटेलं खोली नाकारतात, तेव्हा आरक्षण करतानाच विचारून घ्या.

पहिल्याच दिवशी मिसळ

तुम्हाला विमानातूनच मिसळीचा वास येत असतो, मान्य. पण पहिले तीन दिवस त्याला घरचं वरण-भात, भाकरी, कमी तिखट भाज्याच द्या आणि पाणी उकळलेलं किंवा बाटलीचं. रसवंतीतला उसाचा रस बर्फाशिवाय, तोही शेवटच्या आठवड्यात. पोट बिघडलंच तर ओआरएस सुरू करा. ताप आला, शौचातून रक्त गेलं किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही, तर घरगुती काढ्यांवर न थांबता डॉक्टर गाठा.

घाटाचा विचार कुणी करत नाही. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात मागच्या सीटवर बसवून, वर भरपेट नाश्ता घालून नेलं की तो दिवस गेलाच समजा. पुढची सीट द्या, पोट थोडं रिकामं ठेवा, उलटीची गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी. मुंबई-पुण्यासाठी तर मी रेल्वेच सुचवेन. डेक्कन क्वीनला 2021 पासून काचेच्या छताचा विस्टाडोम डबा आहे आणि कर्जत ते लोणावळा बोरघाट त्यातून बघण्यासारखा आहे. भारतीयांना आरक्षण 60 दिवस आधी मिळतं, परदेशी पर्यटकांना 365 दिवस आधी आणि काही गाड्यांना त्यांच्यासाठी वेगळा कोटाही असतो.

अजिंठा-वेरूळ एका दिवसात उरकणं

छत्रपती संभाजीनगरपासून वेरूळ 30 किलोमीटरवर, तर अजिंठा 100 किलोमीटरवर वेगळ्या दिशेला. दोन्ही एका दिवसात म्हणजे गाडीत बसणंच जास्त. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. शनिवार-रविवारची गर्दी टाळायची असेल तर क्रम असा लावा: सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा.

तिकीटखिडकीवर वाद घालू नका. भारतीयाला 40 रुपये आणि परदेशी नागरिकाला 600, हा नियमच आहे. ओसीआय कार्ड (भारताशी वंशाने किंवा लग्नाने जोडलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असेल तर भारतीय दर लागतो. आणि कैलास लेण्यासमोर, म्हणजे 16 क्रमांकाच्या लेण्यासमोर, जरा गप्प राहा. हे अख्खं मंदिर एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलंय, एवढं सांगा आणि त्याला एकट्याला प्रदक्षिणा घालू द्या. त्याचे प्रश्न नंतर येतीलच.

किल्ल्यांचंही तसंच. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातले 12 किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यातले 11 महाराष्ट्रात आहेत. बाराही दाखवण्याचा हट्ट नको. एकच निवडा आणि तिथे पूर्ण दिवस द्या. चढायची सवय नसेल तर रायगडाला रोपवे आहे. पावसाळ्यात सह्याद्री सुंदर दिसतो, पण ओल्या कातळावर निसरड्या पायऱ्या नवख्या माणसाला धोक्याच्या. पहिली भेट डिसेंबर ते फेब्रुवारीतली बरी.

देवळात नेण्याआधी तिथला नियम विचारा. त्र्यंबकेश्वरला हिंदूंनाच प्रवेश आहे, तिथे रांगेत उभं राहून परत फिरावं लागलं तर त्याला फार लागतं. जेजुरीला नेणार असाल तर जुने कपडे घालायला सांगा, भंडाऱ्याचे डाग सहजी जात नाहीत. गेटवेपाशी किंवा गडावर अनोळखी लोक सेल्फी मागतात. ‘नाही’ म्हटलेलं चालतं, हे त्याला तुमच्या तोंडून कळू द्या.

सगळं स्वतःच्या हातात ठेवणं

पैसे तुमच्याकडे, फोन तुमचा, रिक्षा तुम्ही ठरवणार. एरवी स्वतःच्या पायावर उभा असलेला माणूस आठवड्याभरात लहान मूल होऊन बसतो आणि चिडतो. त्याच्या पासपोर्टवर भारतीय सिम घ्या. पहिल्याच दिवशी पाचशेच्या नोटा सुट्ट्या करून द्या, कारण टपरीवर त्याचं कार्ड चालणार नाही. परदेशी पाहुण्यांसाठी यूपीआय वन वर्ल्ड हे प्रीपेड वॉलेट आहे, तेही बघा. घराचा पत्ता मराठीत लिहून खिशात द्या आणि एका सकाळी त्याला एकट्याला भाजी आणायला सोडा. मेथीऐवजी पालक आला तरी चालेल.

परतीच्या दिवशी दोन गोष्टी

मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर 9 तारीख आणि वेळ 01:30 असेल, तर तुम्हाला 8 तारखेच्या रात्रीच विमानतळावर असायला हवं. घरच्यांना निरोपाची तारीख 8 सांगा.

आई जे बांधून देईल त्यातलं दूध-तुपाचं काहीही युरोपीय संघात नेता येत नाही, म्हणजे कंदी पेढे आणि साजूक तूप दोन्ही गेले. ताज्या आंब्यांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. लोणचं, मसाले, चटण्या, कोकम चालतात. लोणच्याची बरणी मात्र मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवा, हातातल्या बॅगेत ती सुरक्षा तपासणीत काढून घेतात.