करारावर देशाची सही झाली, म्हणून अर्ज जिंकत नाही: या चुका टाळा

निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथल्या भरावाबद्दल किंवा सांडपाण्याबद्दल तक्रार करताना पक्षीप्रेमी मंडळी कळकळीनं लिहितात, ‘हे रामसर कराराचं उल्लंघन आहे, सबब कारवाई व्हावी.’ कळकळ खरी असते, पण अर्ज तिथेच लंगडा पडतो. पाणथळ जागांच्या संरक्षणासाठीचा १९७१ चा रामसर करार भारताला इतर देशांशी बांधतो. पाणथळीत डबर टाकणाऱ्या डंपरमालकाला तो थेट बांधत नाही. आपल्याकडे करारावर सही सरकार करतं, तो अमलात आणणारा कायदा संसद करते. राज्यघटनेच्या कलम २५३ नं तिला हा अधिकार दिला आहे. कलम ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर वाढवावा असं म्हटलंय, पण ते मार्गदर्शक तत्त्व. नुसत्या त्याच्या जोरावर कोर्टातून आदेश मिळत नाही.

मग अर्जात काय लिहायचं? आधी जागा कुठल्या हद्दीत येते ते तपासा. अभयारण्याच्या आत असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं कलम २९ लावा. अधिवासाची नासधूस करणं, पाण्याचा प्रवाह वळवणं किंवा अडवणं मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय चालत नाही. अभयारण्याबाहेरची, पण रामसर क्षेत्रातली जागा असेल तर पाणथळ नियम, २०१७ मधला नियम ४. अतिक्रमण, कचरा टाकणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं, या सगळ्याला त्यात मनाई आहे. गट नंबर लिहा, तारखेसह फोटो जोडा. रामसरचा उल्लेख जरूर करा, पण कलमाच्या पाठोपाठ.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाकडे जाणार असाल तर आणखी जपा. ज्या कायद्यांचे वाद ते ऐकू शकतं, त्या अनुसूचीत वन्यजीव अधिनियम नाही. त्यामुळे अर्ज पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ किंवा जलप्रदूषणाच्या १९७४ च्या कायद्यावर उभा करावा लागतो. तोही कारण घडल्यापासून सहा महिन्यांत. सबळ कारण असेल तरच पुढे साठ दिवस मिळू शकतात. ‘प्रदूषण करेल त्यानं भरावं’ हे तत्त्व १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातही आहे, आणि हे न्यायाधिकरण ते लावतं, कारण त्याच्या २०१० च्या कायद्यातलं कलम २० तसं सांगतं. आंतरराष्ट्रीय तत्त्व आपल्या हाताला लागतं ते असं.

‘इथे न्याय नाही मिळाला तर हेगला जाऊ’ हेही पुष्कळदा ऐकू येतं. पण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे पक्षकार फक्त देश होऊ शकतात. भगूरच्या सावरकरांचं उदाहरण नाशिककरांनी तरी विसरू नये. ८ जुलै १९१० ला मार्सेयच्या बंदरात त्यांनी बोटीतून उडी टाकली, फ्रेंच पोलिसांनी त्यांना धरून ब्रिटिशांच्या ताब्यात दिलं. हेगच्या लवादापुढे वाद उभा राहिला तो फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात. सावरकर त्यात पक्षकारच नव्हते. नाशिक कटाच्या खटल्यात तर मुंबईच्या न्यायालयानं, अटक कशी झाली यानं आमचा अधिकार जात नाही, असं ठरवून लवादाचा निवाडा येण्याआधीच त्यांना जन्मठेप सुनावली. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात लवादानं अटकेतली अनियमितता मान्य केली, पण कैदी परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही असं म्हटलं. नाशिकच्या माणसाला आज खरा दरवाजा आहे तो मुंबई उच्च न्यायालयाचा, राज्यघटनेच्या कलम २२६ खाली.

याच्या उलट टोकही तितकंच चुकीचं: ‘करार म्हणजे नुसता कागद.’ १९९७ च्या विशाखा प्रकरणी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध स्वतंत्र कायदाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं महिलांवरील भेदभाव नष्ट करण्याच्या कराराच्या आधारे मूलभूत हक्कांचा अर्थ लावला आणि मार्गदर्शक सूचना दिल्या. २०१३ चा कायदा येईपर्यंत त्याच लागू होत्या. कायद्यात पोकळी असेल किंवा शब्दांचे दोन अर्थ निघत असतील, तर करार जरूर पुढे करा. स्पष्ट कायदा विरोधात असेल तर मात्र आपल्या कोर्टात कायदाच वरचढ ठरतो.

द्राक्ष निर्यातदारांसाठी एक वेगळीच गोष्ट. आंतरराष्ट्रीय माल विक्रीविषयीच्या १९८० च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात भारत नाही, म्हणून तो आपल्याला लागत नाही, असं अनेक जण धरून चालतात. कंटेनर रॉटरडॅमला जातो, करारपत्राच्या तळाशी ‘नेदरलँड्सचा कायदा लागू’ अशी एक ओळ असते. नेदरलँड्स त्या कराराचा सदस्य आहे, आणि तो करार तिथल्या कायद्याचाच भाग आहे. म्हणजे त्या एका ओळीनं तो तुमच्या व्यवहारालाही लागू शकतो. नको असेल तर त्याच्याच कलम ६ नुसार तो वगळता येतो, पण तसं करारपत्रात स्पष्ट लिहून घ्या. माल नाकारल्याची ई-मेल आल्यावर हे करायला फार उशीर झालेला असतो.