बाळसं झडतंय म्हणून घाबरताय? लहानग्यांच्या वजनाबाबत या चुका टाळा

मूल गुबगुबीत दिसलं की आजी दृष्ट काढते आणि वजनाचा विषय तिथेच संपतो. नुसत्या नजरेने ठरवू नका. पाच वर्षांखालच्या मुलाचं वजन उंचीच्या हिशोबात बघायचं असतं. अंगणवाडीत किंवा बालरोगतज्ज्ञांकडे ते वाढीच्या तक्त्यावर मांडून मिळतं. दोन ते पाच या वयात मुलं मुळातच सडसडीत होत जातात. तेव्हा "किती वाळला गं!" ऐकून लगेच तूप-साखर वाढवू नका.

सगळ्यात चिवट चूक भरवण्याची. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कितीतरी घरांत आई-बाबा दोघंही कामावर, मूल आजीकडे किंवा पाळणाघरात. मोबाईलवर गाणी लावायची, तोंड उघडलं की घास सारायचा आणि ताट रिकामं झालं की सगळे खूश. पोट भरलं हे मात्र त्या मुलाच्या लक्षातच येत नाही. काय आणि कधी द्यायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते मुलाने. अर्धी पोळी टाकली तर टाकू द्या. तासाभराने बिस्किटाचा पुडा मात्र फोडू नका. यावरून सासूबाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही. "आई, चारच्या खाण्याला तुमच्या हातचं मुगाचं धिरडं कराल का?" एवढं विचारलं की निम्मं काम होतं.

दुधात चॉकलेटी पावडर घातली की साखरही पोटात जाते. साधं दूध, दिवसाला दोन कप पुरे. फळाचा रस नको, फळच द्या.

बाबा लोकलने घरी पोहोचेपर्यंत नऊ वाजतात. मूल साडेसातला एकदा जेवतं, मग बाबांच्या ताटात पुन्हा आणि झोपायला अकरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशींनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसकट 10 ते 13 तास झोप हवी, दिवसभरात मिळून तीन तास हालचाल हवी आणि स्क्रीन फार तर एक तास. अपुऱ्या झोपेचा वजनवाढीशी संबंध आहे. बाबांबरोबरची पंगत शनिवार-रविवारी ठेवा.

हालचालीसाठी क्लास लावायची गरज नाही. ठाण्यातल्या उपवन तलावावर किंवा नवी मुंबईत नेरूळच्या वंडर्स पार्कमध्ये न्या, बाबागाडी घरी ठेवा. ठाण्याच्या तलावपाळीची फेरी दर वेळी आईस्क्रीमवरच संपायला हवी असंही नाही!

वजन जास्त निघालं तरी मुलाला डाएटवर ठेवू नका, "जाड्या" म्हणू नका. त्याच्यासाठी वेगळं ताट नको. घरातला फरसाणाचा डबा सगळ्यांसाठीच बंद करा. या वयात उंची वाढत असते, त्यामुळे वजन काही महिने आहे तिथेच राहिलं तरी बहुतेकदा पुरतं. पण मूल रोज घोरत असेल, मानेवर काळसर पट्टा दिसत असेल किंवा वजन वाढूनही उंची अडली असेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.