ग्रामसभेला जाताना यादी घेऊन जा
सरपंचपदाला पुन्हा उभा राहणारा माणूस पारखायचा असेल तर त्याच्या भाषणाआधी मागचा खर्च बघा. मोबाइलवर ‘ई-ग्रामस्वराज’ हे सरकारी अ‍ॅप उघडून आपली ग्रामपंचायत निवडा. वित्त आयोगाच्या निधीतून कोणत्या कामावर किती पैसे गेले ते दिसतं. यादी उतरवून घ्या आणि गावातून एक पायी फेरी मारा. गटाराचं बिल निघालंय, पण शाळेमागचं गटार अजून कच्चंच आहे? फोटो काढा, ग्रामसभेत त्याच कामाचं नाव घेऊन विचारा. प्रश्न इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय मात्र उठू नका! तोंडी उत्तर दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज करा: शुल्क १० रुपये, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस.