इंटरल्यूकिन-२ ची कुपी उघडण्यापूर्वीची तयारी

टी-पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) वाढवण्यासाठी मागवलेले मानवी रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुक दुसऱ्या सजीवात घालून बनवलेले, इंटरल्यूकिन-२ हे प्रथिन बहुधा ई. कोलाय या जिवाणूमध्ये तयार केलेले असते. त्यामुळे त्यावर शर्करेच्या साखळ्या नसतात, आणि बऱ्याचदा १२५ व्या स्थानी सिस्टिन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन असते. हे उत्पादकाच्या पत्रकावर पाहून वहीत नोंदवावे, सोबत लॉट (उत्पादनाचा गट) क्रमांक आणि त्याच लॉटची प्रति मिलिग्रॅम क्रियाशीलताही लिहावी, कारण मात्रा ठरते ती युनिटवर, वजनावर नव्हे. माल पोहोचताच पत्रकात सांगितलेल्या तापमानाला ठेवावा. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर मात्र टाळावा.

कुपी उघडण्याआधीच गणित कागदावर मांडून घ्यावे. मिलिग्रॅममागे १.६ कोटी आंतरराष्ट्रीय युनिट धरले, तर ५० मायक्रोग्रॅमच्या कुपीत ८ लाख युनिट येतात आणि ५०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवल्यावर दर मायक्रोलिटरला १,६०० युनिट पडतात. १० मिलिलिटर माध्यमाला मिलिलिटरमागे १०० युनिट द्यायचे म्हटले, तर लागतात अवघे ०.६२५ मायक्रोलिटर, एवढे थेट पिपेटने मोजण्याचे धाडस कोणी करू नये. त्याऐवजी माध्यमात शंभरपट विरल द्रावण करून त्यातले ६२.५ मायक्रोलिटर घालावे.

हे प्रथिन जलविरोधी असल्याने तटस्थ बफरमध्ये सहज विरघळत नाही, म्हणून अनेक उत्पादक १०० मिलिमोलर ॲसिटिक ॲसिड सुचवतात. ते आदल्या दिवशीच करून (१०० मिलिलिटरला सुमारे ०.५७ मिलिलिटर ग्लेशियल) गाळून ठेवावे, प्रथिन विरघळल्यानंतर गाळू नये, कारण इतक्या कमी मात्रेतले बरेचसे गाळणीलाच चिकटून बसते. नळ्याही प्रथिन कमी धरणाऱ्याच घ्याव्यात. ०.१ टक्का बोव्हाईन सीरम अल्ब्युमिन घालायचे की नाही, हे प्रयोग पाहून ठरवावे: पेशी वाढवायच्या असतील तर घालावे, प्रथिनाला रंगद्रव्य जोडायचे असेल तर अजिबात नको.

सुकवलेली भुकटी डोळ्यांना जेमतेम दिसते आणि प्रवासात झाकणाला लागलेली असू शकते. म्हणून कुपी आधी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवावी, द्रव भिंतीवरून हळूच सोडावा आणि काही मिनिटे तशीच राहू द्यावी. व्हॉर्टेक्स करू नये, म्हणजे यंत्रावर जोराने घुसळू नये. फेस आला की प्रथिन बिघडते. नंतर एका प्रयोगापुरते २०-२० मायक्रोलिटरचे वाटे करून उणे ८० अंशांवर ठेवावेत. नळ्यांवर नाव, तारीख, लॉट आणि तीव्रता आधीच लिहिलेली असावी, कारण गोठलेल्या नळीवर शाई धरत नाही. एकदा वितळलेला वाटा पुन्हा गोठवू नये.

संवर्धनात मोनोसाइट किंवा मॅक्रोफेज (जिवाणूंच्या अंशालाही प्रतिसाद देणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) असतील, तर पत्रकावरचा एंडोटॉक्सिनचा (जिवाणूच्या आवरणातल्या विषाचा) आकडा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. जिवाणूतून आलेल्या प्रथिनासोबत लायपोपॉलिसॅकराइडचा, म्हणजे याच एंडोटॉक्सिनचा, अंश येऊ शकतो, आणि त्याने पेशींत उठवलेला प्रतिसाद प्रथिनामुळेच आल्यासारखा वाटतो. शंका असल्यास पॉलिमिक्सिन-बी (एंडोटॉक्सिनला बांधून निष्प्रभ करणारे प्रतिजैविक) घातलेली एक नियंत्रण विहीर (तुलनेसाठीचा खळगा) संवर्धन-ताटलीच्या आराखड्यात राखून ठेवावी. शिवाय विरघळवण्याचा द्रव तेवढाच घातलेली, प्रथिनाविना एक विहीरही हवीच.